पोत्याखालचा कोंबडा

तंजावरकडच्या मेलकावेरीत उतरून कोणत्याही रिक्षावाल्याला 'काताडि वीडु' एवढंच म्हणा, तो तुम्हाला थेट आमच्या दारात आणून सोडील. भाडं मात्र जास्त घेईल, कारण घर विचारणारा माणूस बाहेरगावचा आहे हे त्याला तेवढ्यावरून कळतं. वीडु म्हणजे घर, आणि काताडि म्हणजे वाऱ्यावर फिरणारी वस्तू. तमिळात पतंगाला काताडि म्हणतात, देवळाच्या जत्रेतल्या कागदी भिरभिऱ्याला काताडि म्हणतात, आणि छताच्या पंख्यालाही जुनी माणसं तेच म्हणायची. एखाद्या दुकानात गिऱ्हाईक फिरकेनासं झालं की 'कडै काताडुदु' असं म्हणतात, म्हणजे दुकानात आता नुसता वारा खेळतोय. आमच्या घराला हे नाव नेमकं कशावरून पडलं याचा मला लहानपणापासून संशय आहे. लोक बोट कोंबड्याकडे दाखवायचे, पण हसायचे ते कोंबड्याला की आमच्या रिकाम्या कोठीला, हे त्यांच्या तोंडावरून कधी ओळखू आलं नाही.

कोंबडा म्हणजे आमच्या कौलांवरचा पितळेचा कोंबडा. हातभर उंच, शेपूट पसरलेली, तुरा एका अंगाला कललेला, लोखंडी सळईवर बसवलेला. वारा फिरला की तो फिरायचा आणि फिरताना कर्र-कीं असा ओरडायचा. हा कोंबडा आमच्या खापरपणजोबांना तंजावरच्या राजवाड्यातून मिळाला, असं अण्णा सांगत. अण्णा म्हणजे माझे वडील. खापरपणजोबा वाड्यातल्या घड्याळांना किल्ली देत, राजा खूष झाला आणि विलायतेहून आलेला कोंबडा त्याने त्यांच्या हातात ठेवला, अशी ती हकीकत. मी पाचवीत शाळा सोडलेला माणूस आहे, पण घड्याळाच्या किल्लीवर खूष होऊन कोणी राजा छपरावरचा कोंबडा उतरवून देत नाही, एवढं मला कळतं. खापरपणजोबांनी तो आपल्याच हाताने उतरवला असावा. हे एकदा मी अण्णांना म्हणालो तर त्यांनी कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. कसा का येईना, आला तो आमच्याकडे राहिला, आणि तो आमचा आहे.

आमची मराठी तुम्हाला जरा जुनाट वाटेल. एकदा पुण्याचे एक गृहस्थ देवदर्शनाला आले होते, ते म्हणाले, तुमचं बोलणं ऐकताना एखादी बखर ऐकल्यासारखं वाटतं. चेष्टा की कौतुक, ते मी अजून ठरवलेलं नाही. 'सगळं' याला आम्ही 'असकं' म्हणतो. असकी भाकरी म्हणजे न मोडलेली, अख्खी भाकरी. हा शब्द ऐकून ते गृहस्थ हसले होते. मी नाही हसलो. तो शब्द पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

अण्णा मोठ्या बाजारात पितळी दिव्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसत, आणि शाळा सोडल्यावर मीही तिथेच लागलो. माझं काम मागच्या अंगणात, चिंच आणि विटेची भुकटी घेऊन दिवे घासायचं. बोटांना चिंचेचा वास कायमचा बसलेला. पहाटे अम्मा, म्हणजे आमची आई, कॉफीचं पाणी फिल्टरमध्ये ओती आणि वर मुठीने थोपटून झाकण लावी, त्या थपथपीने मला जाग यायची. मग ओल्या दारात अक्काचं रांगोळी घालणं, पलीकडच्या आळीतून भांडी ठोकणाऱ्यांची टणटण, आणि या सगळ्यावर कोंबड्याची कर्र-कीं. घरात जेवण साधं होतं, पण अम्माचा हात मोठा नामी. ढोबळ्या मिरच्यांचा कायरस ती करी तेव्हा चिंच, तीळ आणि गुळाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जाई, आणि समोरच्या चहाच्या टपरीवरचा मुरुगेसन ओरडून विचारी, "रायरे, आज सणबिण आहे का?" तमिळ लोक आम्हाला रायर म्हणतात. तो कौतुक करतोय असं अम्माला वाटे. मला वाटे, हा आमच्या चुलीवर एवढं लक्ष कशाला ठेवतो?

अक्का माझ्याहून मोठी. ती उंच होती, सावळी होती, आणि मनातलं तोंडावर बोलायची. या तिन्ही गोष्टी तेव्हाच्या बाजारात चालत नव्हत्या. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींना आमच्याकडे सोज्जी-बज्जी देतात, म्हणजे गोड शिरा आणि केळ्याची भजी. अक्कापायी आमच्या घरात इतकी सोज्जी-बज्जी झाली की तळणाचा वास आला की मुरुगेसन हळहळायचा. आलेले लोक ओठ पुसत, 'कळवतो' म्हणत आणि जात. अम्मा रात्री उशीला तोंड लावून रडे. अक्का रडत नसे. ती दुसऱ्या दिवशी उरलेल्या भज्यांचं सांबार करी आणि आम्हाला वाढी.

अशात मामा आला. मामा म्हणजे अम्माचा धाकटा भाऊ. त्याचं स्वतःचं असं मत कोणी ऐकलेलं नाही. अण्णांसमोर बसला की कॉफीत चिकोरी म्हणजे पाप, आणि शेजारच्या ओटीवर गेला की चिकोरीशिवाय कॉफीला रंग कुठला! गावाने काताडि हे नाव घराला न देता त्याला दिलं असतं तर शोभलं असतं.

"मद्रासचं स्थळ आणलंय," तो झोपाळ्यावर पाय वर घेत म्हणाला. "आपलेच, तंजावरी. मुलगा व्यंकटराव, सरकारी नोकरीत आहे. वडिलांना जुन्या वस्तूंचा शौक, घर म्हणजे म्यूझियम. तुमचं घर तर त्यांना फार आवडलंय."

"आमचं घर त्यांनी कधी पाहिलं?" मी विचारलं.

"मागे तिरुप्पनंदाळच्या मठात जाताना पाहिलं म्हणाले."

"मठाचा रस्ता आमच्या गल्लीतून जात नाही."

"नाही जात, हेही खरंच."

माझ्या डोक्यात दिवा पेटला. आंब्याच्या दिवसांत एक गृहस्थ आमच्या गल्लीत उन्हात उभे होते. हातात छत्री, पण ती उघडलेली नाही, कारण छत्री उघडली असती तर वर दिसलं नसतं. मान मागे टाकून ते आमच्या छपराकडे पाहत होते, आणि मुरुगेसनला विचारत होते की ही काताडि कोणाची, घरात कोण कोण आहे, लग्नाचं कोणी आहे का. मुरुगेसनने ते मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं.

"मामा, त्यांच्या पायात काय असतं?"

"पायात? अरे किट्टू, तू मुलाच्या वडिलांच्या पायांची चौकशी करतोस?"

"पांढरे कॅनव्हासचे बूट असतात का?"

मामाने पाय खाली घेतले. "असतात. तुला कसं ठाऊक?"

"येणार कधी?" अण्णांनी विचारलं.

"याच शुक्रवारी."

"आडीत?" अम्मा स्वयंपाकघराच्या दारात आली. आडी हा इथला वाऱ्याचा महिना, या महिन्यात इथे कोणी लग्नाची गोष्ट काढत नाही.

"ते असलं काही मानत नाहीत," मामा म्हणाला.

"आपलं पंचांगही वेगळंच आहे," अण्णा म्हणाले.

"वेगळंच आहे की!"

"पण गाव आडी पाळतं," अम्मा म्हणाली.

"पाळायलाच पाहिजे!" मामा म्हणाला.

आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा जागचा हलतो असं तमिळ लोक म्हणतात. म्हणजे आडीत आमचा कोंबडा सगळ्यांत जास्त फिरणार, सगळ्यांत जास्त ओरडणार. मुलगी पाहायला बाराही महिने येता येतं. कोंबडा पाहायचा तर आडीच बरी. अक्का उद्या कोणाच्या घरी जाणार, आणि ते घर तिला मागतंय की तिच्याबरोबर येणाऱ्या पितळेला, हे मला कळायला हवं होतं. तिला विचारून कळणार नव्हतं, मामाला विचारून तर मुळीच नाही.

शुक्रवारी सकाळी मी शिडी लावली, वर चढलो आणि तांदळाचं रिकामं पोतं कोंबड्याच्या डोक्यावरून घालून सुतळीने खाली सळईला आवळलं. वारा असा होता की माझं धोतर डोक्यावर येत होतं. खाली मुरुगेसन कपाळावर हात धरून पाहत होता. "रायरे, काताडिला मुक्काडु?" तो ओरडला. मुक्काडु म्हणजे बायका डोक्यावरून घेतात तो पदर. टपरीवरची माणसं हसली. शिडीच्या पायथ्याशी अम्मा उभी होती, तिने कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, किट्टू."

"उजाडावं म्हणूनच झाकतोय," मी म्हणालो.

पाहुणे जटक्यातून, म्हणजे घोडागाडीतून, उतरले. पुढे पांढरे बूट, मागे मामा, सगळ्यांत मागे एक किडकिडीत तरुण, हातात फळांची पिशवी. अण्णांनी हात जोडले. बूटवाल्यांनी हात जोडले खरे, पण नजर वर होती. पाय धुवायला पाणी दिलं तर तांब्या हातात धरून ते तसेच उभे.

"कोंबडा कुठाय?" त्यांनी विचारलं.

हे पहिलं वाक्य. कसे आहात नाही, प्रवास बरा झाला नाही. मी ते ऐकायलाच दारात उभा होतो.

"गेला," मी म्हणालो. "मोडीत दिला. दुकानात पितळ कमी पडलं होतं. आता नुसती सळई आहे, कावळे बसून घाण करतात म्हणून वर पोतं घातलंय."

त्यांचा चेहरा पडला तो मला अजून दिसतो. तांब्यातलं पाणी बुटांवर सांडलं. "मोडीत? खरं का हो, राव?" त्यांनी अण्णांकडे वळून विचारलं.

अण्णा जन्मात खोटं बोललेले नव्हते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "कौलांवर चढणं आता मला होत नाही. वर काय आहे नि काय नाही, ते त्यालाच ठाऊक."

आत बसल्यावर बूटवाले बोलत राहिले, ते कोंबड्याविषयीच. असा कोंबडा मद्रासेत कोणाकडे नाही, तुम्हाला वस्तूची पारख नाही, वगैरे. अक्का सोज्जी-बज्जीची ताटली घेऊन आली, समोर ठेवली, नमस्कार केला. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, अक्काकडे नाही. शेवटी रागानेच म्हणाले, "जाऊ द्या. इंग्रजीत 'वेदरकॉक' हा काही चांगला शब्द नाही. शब्दाला न जागणारा माणूस, वारा येईल तशी पाठ देणारा, त्याला वेदरकॉक म्हणतात."

मामा हसला. "बरोबर आहे, बरोबर आहे."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी पानाला चुना लावता लावता हात थांबवला. "तुमचा इंग्रजी कोंबडा देत असेल पाठ," ते म्हणाले. "आमचा देत नाही. मी इतकी वर्षं पाहतोय. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करतो, शेपूट मागे. पाठ देणाऱ्याला कोंबडा म्हणू नये."

"शेवटी फिरतोच ना?"

"फिरतो. छाती पुढे घेऊन फिरतो."

आणि नेमकं तेव्हा वर वारा उलटला. पोत्याच्या आत, सुतळीला न जुमानता, तो ओरडला. कर्र-कीं. घुसमटलेला, पण तोच. अण्णांचा हात तसाच राहिला. मामाने वर पाहिलं. बूटवाल्यांची मान वळू लागली, आणि त्या क्षणी तो किडकिडीत मुलगा, जो आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता, एकदम खोकायला लागला. असा ठसका की डोळ्यांतून पाणी. छातीवर हात आपटतोय, 'पाणी, पाणी' म्हणतोय. सगळे त्याच्याकडे धावले. वर कोंबडा आणखी एकदा ओरडला, ते त्या खोकण्यात बुडून गेलं. अक्काने पाणी आणलं. पाणी पिताना त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

मी त्याच्या ताटलीकडे पाहिलं. भजी जशीच्या तशी होती. कॉफी तर अजून आलीच नव्हती. ठसका लागायला तोंडात काहीतरी असावं लागतं.

'कळवतो' म्हणून ते गेले. मामा दोन्हीकडचं बोलून सांडपाण्यासारखा वाट फुटेल तिकडे निघून गेला. अण्णा म्हणाले, "मोडीत दिलास ना? बरं. आता जेवायला बस." अम्मा उशीकडे गेली. अक्काने माझ्यापुढे कॉफीचा पेला असा आपटला की अर्धी कॉफी खालच्या पसरट वाटीत, डवऱ्यात, सांडली.

"किट्टू, तुला कोंबडा वाचवायचा होता की मला?"

"दोघांना," मी म्हणालो.

"मला कोणी विचारलं? मी काय कौलांवर बसलेय?" ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. तिच्या रडण्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पण ज्या घरात पहिलं वाक्य कोंबड्याचं, तिथे तिचं वाक्य कितवं आलं असतं, हे मी तेव्हाही विचारलं होतं आणि आजही विचारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा एकटाच आला. वडिलांना तिरुप्पनंदाळच्या बसमध्ये बसवून आलो म्हणाला. मला वाटलं, हा हेर. बापाने पाठवलाय. मी त्याला ओटीवरच थांबवलं. तो वर पाहून म्हणाला, "आत गुदमरून मरेल तो. सोडा त्याला."

"कोणाला?"

"रावजी, काल मी उगाच नाही खोकलो."

मी त्याला शिडीवर पुढे चढवलं आणि मागे मी चढलो. संशयाच्या माणसाला पुढे घालावं, ही माझी जुनी सवय. वर गेल्यावर त्याने पोत्याला हात लावला नाही. सुतळी मी सोडली. कोंबडा एक गिरकी घेऊन नदीकडे तोंड करून उभा राहिला. तो मुलगा मोठ्याने हसला, आणि हसताना पाय घसरेल म्हणून सळई न धरता त्याने माझा दंड धरला. हे मी नीट पाहून ठेवलं.

"आता खरं सांगा," मी म्हणालो. "तुम्हाला काय पाहिजे?"

"वडिलांना कोंबडा पाहिजे होता. मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "मला तुमची अक्का पाहिजे."

"आणि कोंबडा?"

"कोंबडा नको. अक्का. असकी."

मद्रासेत वाढलेला, इंग्रजीत नोकरी करणारा माणूस, आणि त्याच्या तोंडून आमचा तो शब्द आला. मोडलेली नव्हे, तुकडा नव्हे, अख्खी. कौलांखाली काहीतरी खणखणलं. स्वयंपाकघराचं धुराडं तिथेच होतं, आणि खाली अक्का भांडी लावत होती. तिच्या हातून डवरा पडला होता.

लग्न झालं. बूटवाले लग्नाला आले, छपरावर कोंबडा पाहिला, आणि मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. ते त्यांनी ठीक केलं. मामा सगळ्यांना सांगत सुटला की ही युक्ती मूळची त्याची.

आता दुकान नाही, टपरी नाही, मुरुगेसनचा नातू तिथे मोबाइल विकतो. गल्लीत मला 'काताडि रायर' म्हणतात. कशा अर्थाने म्हणतात ते त्यांचं ते जाणोत. अण्णांनी एक अर्थ सांगितला, बूटवाल्यांनी एक. माझा तिसरा आहे. कोण येतंय त्याच्याकडे तोंड करून बसणं, एवढंच त्या कोंबड्याचं काम, आणि माझंही.

अक्का गेली. त्यानंतर व्यंकट भावोजींचा फोन आला, येतो म्हणाले. पुन्हा आडीत. अक्का होती तोवर त्यांचं येणं मला समजत होतं. आता या घरात त्यांचं दुसरं काय उरलंय? सून ओरडत राहिली, "मामंजी, या वयात शिडी?" मी ऐकलं नाही. वर चढलो, पोतं घातलं, सुतळी आवळली. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत.

ते रिक्षातून उतरले, काठी टेकली आणि वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओटीवर येऊन बसले, काठी भिंतीला लावली, सून कॉफी करायला आत गेली. वर वारा उलटला आणि तो पोत्यातून ओरडला. कर्र-कीं.

भावोजींना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, छातीवर हात, 'पाणी, पाणी'. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. तोंडात काहीही नव्हतं.

पाणी मीच आणून दिलं. ते पीत असताना शिडी लावली, वर गेलो आणि सुतळी सोडली. संशय गेला असं मी म्हणत नाही. पोतं झटकून, घडी घालून माळ्यावर ठेवलंय. टाकलेलं नाही.